स्ट्रीट फर्निचर

स्ट्रीट फर्निचर म्हणजे रस्ते, पदपथ, चौक आणि इतर सार्वजनिक जागांवर लोकांच्या सोयीसाठी व सुरक्षिततेसाठी कायमस्वरूपी बसवलेले साहित्य. बसण्याचे बाक, दिव्यांचे खांब, बसथांबे, कचरापेट्या, दिशादर्शक फलक, पाणपोया, सार्वजनिक स्वच्छतागृहे, टपालपेट्या, वाहनांना अटकाव करणारे बोलार्ड, कठडे आणि झाडांच्या आळ्यांभोवतीच्या जाळ्या यांचा त्यात समावेश होतो. विजेच्या डीपी, दूरध्वनीच्या पेट्या, सिग्नलचे खांब व मॅनहोलची झाकणे ही पादचाऱ्यांसाठी नसतात. पण ती त्यांच्याच वाटेत उभी असल्यामुळे नियोजनात त्यांचाही विचार करावा लागतो. मराठीत या सर्वांसाठी एकच रूढ शब्द नाही. महापालिकांच्या निविदांत व वृत्तपत्रांत ‘स्ट्रीट फर्निचर’ हाच शब्द वापरला जातो. बोलण्यात मात्र बाक, खांब, कचरापेटी अशी एकेका वस्तूची नावे येतात.

भारतात २०२२ या वर्षात रस्ते अपघातांत १,६८,४९१ व्यक्तींचा मृत्यू झाला. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार त्यांपैकी ३२,८२५, म्हणजे सुमारे एकपंचमांश, पादचारी होते. पदपथ अडलेला असला की पादचारी रस्त्यावर उतरतो आणि वाहनांच्या वाटेत येतो. त्यामुळे पादचाऱ्याच्या दृष्टीने या साहित्याची पहिली कसोटी त्याचे सौंदर्य ही नसून, ते बसवल्यावर शेजारी चालण्यासाठी किती मोकळी जागा उरते, ही आहे.

इतिहास

नाव नवे असले तरी वस्तू जुन्या आहेत. देवळापुढील किंवा वेशीजवळील वड-पिंपळाभोवतीचा दगडी पार ही सावली, बैठक आणि गप्पांची जागा यांची एकत्रित सोय होती. शहरी पुण्या-मुंबईतील ‘कट्टा’ हा त्याचाच वारस म्हणता येईल. तमिळ प्रदेशातील वाटांवर डोक्यावरचे ओझे दुसऱ्याच्या मदतीशिवाय उतरवता यावे म्हणून उंच दगडी चौथरे उभारले जात. त्यांना ‘सुमैतांगी’ म्हणतात. पुण्यात अठराव्या शतकाच्या मध्यास, नानासाहेब पेशव्यांच्या काळात, कात्रजच्या तलावाचे पाणी नळाने आणून शहरातील हौदांत सोडण्याची व्यवस्था झाली.

मात्र या सोयी सर्वांसाठी नव्हत्या. अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींना सार्वजनिक पाणवठ्यांवर मज्जाव होता. महात्मा जोतीराव फुले यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. पुण्यातच डॉ. विश्राम रामजी घोले यांनी अकाली निवर्तलेल्या आपल्या मुलीच्या स्मरणार्थ बांधलेला बाहुलीचा हौद सर्व जातींसाठी होता. सार्वजनिक पाणवठे, विहिरी व धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, हा सी. के. बोले यांचा ठराव १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळाने संमत केला. त्याची अंमलबजावणी कागदावरच राहिल्याने २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह झाला. सार्वजनिक सोय प्रत्यक्षात कोणाला वापरता येते, हा प्रश्न महाराष्ट्रात या विषयाच्या मुळाशीच आहे. अपंग, वृद्ध आणि स्त्रिया यांच्या संदर्भात आज तोच प्रश्न वेगळ्या रूपात विचारला जातो.

एकाच शहरासाठी एकसारखे साहित्य आखण्याची आधुनिक पद्धत एकोणिसाव्या शतकातील पॅरिसमध्ये दिसते. ओस्मान याने केलेल्या शहराच्या पुनर्रचनेत वास्तुविशारद गाब्रिएल दाव्ह्यू याने बाक, दिव्यांचे खांब व विक्रीच्या टपऱ्या यांचे नमुने तयार केले. १८६८ मध्ये जाहिराती चिकटवण्यासाठी मॉरिस स्तंभ आले. १८७२ पासून रिचर्ड वॉलेस याच्या देणगीतून पिण्याच्या पाण्याची बिडाची हिरवी कारंजी उभी राहिली. ती आजही वापरात आहेत. इंग्लंडमध्ये गाइल्स गिल्बर्ट स्कॉट याच्या आराखड्यानुसार १९२६ पासून उभारण्यात आलेले लाल दूरध्वनी-कक्ष पुढे त्या देशाची खूणच ठरले.

मुंबईत १८६५ मध्ये रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले. त्याआधी एकच वर्ष, १८६४ मध्ये, फ्लोरा फाउंटन बांधून झाले होते. पण पादचाऱ्याच्या दृष्टीने अधिक उपयोगाच्या होत्या त्या शहरभर दानशूर व्यापाऱ्यांनी बांधलेल्या प्याऊ, म्हणजे दगडी पाणपोया. मशीद बंदर भागातील केशवजी नाईक कारंजे १८७६ मधील आहे. अशा अनेक प्याऊंमध्ये माणसांसाठी तोट्या, गुराढोरांसाठी खालच्या पातळीवर कुंड आणि पक्ष्यांसाठी वर लहान पात्रे असत. एकाच वस्तूत वेगवेगळ्या उंचीच्या वापरणाऱ्यांची सोय पाहण्याचा हा विचार नंतरच्या बहुतेक सरकारी पाणपोयांत आढळत नाही. गेल्या काही वर्षांत मुंबईतील काही प्याऊंची डागडुजी करून त्यांत पुन्हा पाणी सोडण्यात आले आहे. सेंट थॉमस कॅथेड्रलपासून अंतर मोजणारे जुने मैलाचे दगडही पदपथांखाली गाडले गेले होते. त्यांपैकी काही बाहेर काढून जतन करण्यात आले.

पदपथाचे तीन पट्टे

इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचारी सुविधांविषयीच्या मार्गदर्शक संहितेत (आयआरसी १०३) पदपथाची तीन पट्ट्यांत विभागणी केली आहे. ही संहिता प्रथम १९८८ मध्ये आली, व २०१२ मध्ये तिची सुधारित आवृत्ती निघाली. इमारतीलगतचा पहिला पट्टा दुकानांच्या पायऱ्या, दर्शनी खिडक्यांपुढे थांबणारी माणसे व फाटके यांच्यासाठी असतो. मधला पट्टा फक्त चालण्याचा. तो किमान १.८ मीटर रुंद आणि २.२ मीटर उंचीपर्यंत पूर्ण मोकळा असावा. व्यापारी भागात हीच रुंदी २.५ मीटर किंवा त्याहून अधिक अपेक्षित आहे. वाहनांच्या बाजूचा तिसरा पट्टा सर्व साहित्याचा: झाडे, खांब, बाक, कचरापेट्या, डीपी आणि फलक यांनी याच पट्ट्यात राहावे. १.८ मीटर हा आकडा दोन व्हीलचेअर समोरासमोर आल्या तरी एकमेकींना ओलांडू शकतील, या हिशोबाने येतो.

ही विभागणी समजायला सोपी आणि अमलात आणायला अवघड आहे. जुन्या पेठांतील पदपथ मुळातच दीड मीटरहून अरुंद असतात. तिथे तिसरा पट्टा काढायला जागाच उरत नाही. अशा ठिकाणी दिवे खांबांऐवजी भिंतींवर घेणे, फलक दिव्याच्याच खांबाला लावणे आणि बाक पदपथावर न ठेवता पार्किंगच्या पट्टीतील एखाद-दुसरी जागा मोकळी करून तिथे बसवणे, हे उपाय केले जातात. वेगवेगळ्या खात्यांनी आपापला खांब स्वतंत्रपणे रोवण्याची पद्धत मोडणे, हा यातला सर्वात स्वस्त उपाय आहे. पण त्यासाठी पथ विभाग, विद्युत विभाग, वीज वितरण कंपनी, वाहतूक पोलीस आणि दूरसंचार कंपन्या यांना एका नकाशावर आणावे लागते. तो नकाशा काम सुरू होण्यापूर्वी तयार असेल, तरच त्याचा उपयोग होतो.

पदपथाची उंची हाही याच विषयाचा भाग आहे. आयआरसी संहितेनुसार ती रस्त्यापासून १५ सेंटिमीटरपेक्षा अधिक नसावी. दुचाकी चढू नयेत म्हणून ती एक फुटापर्यंत वाढवलेली अनेक शहरांत दिसते. त्याने दुचाकी क्वचितच थांबतात. गुडघे दुखणारी माणसे मात्र पदपथ सोडून कडेने चालू लागतात, आणि प्रत्येक फाटकापाशी चढउतार करावा लागल्याने उरलेलेही तेच करतात.

बसण्याची सोय

अमेरिकन समाजनिरीक्षक विल्यम एच. व्हाइट यांनी १९७० च्या दशकात न्यूयॉर्कमधील उंच इमारतींपुढील मोकळ्या चौकांचे चित्रीकरण करून, लोक कुठे थांबतात याचा अभ्यास केला. चौकाचा आकार किंवा सुशोभीकरण यांपेक्षा बसायला जागा किती आहे, यावर तिथली वर्दळ अवलंबून असते, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यानंतर १९७५ मध्ये न्यूयॉर्कच्या नियमांत अशा चौकांत ठरावीक प्रमाणात बैठक असणे बंधनकारक झाले. हलवता येणारी खुर्ची मिळाली की माणूस बसण्यापूर्वी ती थोडीशी सरकवतो, कधी कधी काही कारण नसतानाही, हे त्यांचे निरीक्षण नगररचनेच्या विद्यार्थ्यांना आजही सांगितले जाते. त्यांचे ‘द सोशल लाइफ ऑफ स्मॉल अर्बन स्पेसेस’ हे पुस्तक १९८० मध्ये प्रसिद्ध झाले.

बाकाची बैठक साधारण ४५ सेंटिमीटर उंचीची असल्यास बहुतेकांना सोयीची पडते. पाठ टेकायला आधार आणि हात टेकवून उठता यावे म्हणून बाजूला दांडे असावेत. वृद्धांच्या दृष्टीने बाकाचा हाच भाग सर्वात महत्त्वाचा असतो. कट्टा किंवा ओटा स्वस्त व टिकाऊ असला, तरी त्याला हे दोन्ही नसते. बाकाच्या शेजारी सुमारे ९० सेंटिमीटर रुंदीची सपाट जागा मोकळी सोडली, तर व्हीलचेअरवरील व्यक्तीला सोबतच्या माणसाबरोबर बसता येते.

बाकाचे तोंड कोणीकडे असावे, हा प्रश्न आराखड्यात बहुधा विसरला जातो. वाहनांकडे तोंड आणि माणसांकडे पाठ करून ठेवलेला बाक रिकामा राहतो. महाराष्ट्राच्या हवेत दिशेपेक्षाही सावली निर्णायक ठरते. दुपारच्या उन्हात स्टेनलेस स्टीलच्या बाकावर हात ठेवणेही अशक्य होते. ग्रॅनाइट तापतो आणि उशिरापर्यंत तापलेला राहतो. लाकूड बसायला चांगले, पण पावसाळ्यात त्याची देखभाल लागते. मुंबई व कोकणपट्टीच्या खाऱ्या हवेत साधे लोखंड लवकर गंजते. म्हणून झाड आधी शोधून बाक त्याच्या पूर्वेला किंवा उत्तरेला ठेवणे, हा साहित्य निवडण्याइतकाच महत्त्वाचा निर्णय असतो.

काही शहरांत बाकांवर कोणी झोपू नये म्हणून मध्ये दांडे घालणे, बैठक तिरपी करणे किंवा ओट्यांवर टोकदार सळ्या बसवणे असे प्रकार केले जातात. लंडनमधील कॅम्डेन भागात २०१२ मध्ये बसवलेला काँक्रीटचा उतरता बाक हे याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. अशा रचनेवर सर्वत्र टीका झाली आहे, कारण बेघरांना उठवताना ती थकलेल्या म्हातारीलाही उठवते.

बोलार्ड आणि दुचाकी

पदपथावर वाहने येऊ नयेत म्हणून त्याच्या तोंडाशी रोवलेल्या आखूड खांबांना बोलार्ड म्हणतात. व्हीलचेअर सहज जावी यासाठी दोन बोलार्डमध्ये सुमारे १.२ मीटर अंतर ठेवण्याची शिफारस केली जाते. भारतीय शहरांत नेमकी इथेच अडचण उभी राहते. साध्या दुचाकीच्या हँडलची रुंदी ७० ते ८० सेंटिमीटर, आणि व्हीलचेअरची रुंदीही जवळपास तेवढीच. म्हणजे व्हीलचेअर जाईल अशा प्रत्येक फटीतून दुचाकीही जाते, आणि दुचाकी अडवणारी प्रत्येक फट व्हीलचेअरही अडवते. बोलार्ड जवळ रोवून किंवा नागमोडी कठडे लावून ही अडचण सुटत नाही; ती फक्त अपंग व्यक्तीच्या माथी मारली जाते. बाबागाडी व सामानाची ढकलगाडी यांचेही तसेच होते. दुचाकींना रस्त्यावर पार्किंगची आखीव जागा देणे आणि पदपथावरून वाहन चालवणाऱ्यावर दंडाची कारवाई करणे, याला वस्तूंचा पर्याय नाही.

दृष्टिहीनांसाठीच्या खुणा

जपानमधील सेइची मियाके यांनी १९६५ मध्ये उठावदार फरश्यांची कल्पना मांडली. १८ मार्च १९६७ रोजी ओकायामा शहरातील अंधशाळेजवळच्या रस्त्यावर त्या प्रथम बसवण्यात आल्या. लांब उभट रेघांची फरशी ‘पुढे चला’ असे सांगते. गोल उंचवट्यांची फरशी ‘थांबा, पुढे धोका किंवा वळण आहे’ असे सांगते. भारतात पिवळ्या रंगाच्या अशा फरश्या रेल्वे स्थानकांत, मेट्रो स्थानकांत व नव्या पदपथांवर दिसतात. त्यांचा अर्थ न कळता केवळ शोभेची पट्टी म्हणून त्या बसवल्याची उदाहरणे कमी नाहीत: रेघ थेट झाडाच्या खोडाशी किंवा डीपीशी जाऊन संपते, अथवा रेघांच्या जागी सलग गोल उंचवटे लावलेले असतात. चुकीची खूण ही खूण नसण्यापेक्षा अधिक घातक ठरते.

पांढऱ्या काठीने चालणाऱ्या व्यक्तीला जमिनीवरचा अडथळा काठीने कळतो. हवेत पुढे आलेला कळत नाही. भिंतीवरची पेटी, उतरता फलक किंवा जिन्याचा खालचा भाग जमिनीपासून साधारण ७० सेंटिमीटरपेक्षा वर सुरू होत असेल, तर काठी त्याखालून निघून जाते आणि आघात छातीवर किंवा डोक्यावर होतो. म्हणून अशा वस्तूंखाली जमिनीलगत कडा किंवा कुंडी ठेवतात. अपंग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार सार्वजनिक जागा सुगम्य असणे बंधनकारक आहे, आणि केंद्रीय गृहनिर्माण व नागरी कामकाज मंत्रालयाच्या २०२१ च्या सुसंवादी मार्गदर्शक सूचनांत याची मापे दिली आहेत.

बसथांबे आणि झाडे

जाहिरातींच्या उत्पन्नातून बसथांबे बांधण्याची पद्धत फ्रेंच उद्योजक जाँ-क्लोद दको यांनी १९६४ मध्ये लिओं शहरात सुरू केली आणि ती जगभर पसरली. पालिकेचा खर्च वाचतो, हा तिचा फायदा. तोटा असा की जाहिरातीचा फलक अनेकदा बस येण्याच्या बाजूलाच लावला जातो, आणि बस दिसावी म्हणून प्रवासी थांब्यातून उठून रस्त्यावर उभे राहतात. बसथांबा पदपथाच्या मधल्या पट्ट्यात बांधला, तर चालणाऱ्यांनाही रस्त्यावर उतरावे लागते. म्हणून तो वाहनांच्या बाजूला पुढे काढून मागे वाट मोकळी ठेवतात.

झाड ही विकत घेण्याची वस्तू नसल्याने निविदेत येत नाही. सावली देणारी सर्वात मोठी सोय मात्र तीच. बुंध्यापर्यंत काँक्रीट किंवा पेव्हर ब्लॉक भरल्याने मुळांना पाणी व हवा मिळत नाही. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतील झाडांभोवती एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश दिला होता. आळे मोकळे ठेवून त्यावर पदपथाच्या पातळीत जाळी बसवली, की पाणी मुरते आणि चालण्याची रुंदीही टिकते.

पुण्यातील प्रयोग

पुणे महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण आणि शहरी रस्ते आराखड्याची मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली. त्यानुसार जंगली महाराज रस्त्याच्या पहिल्या टप्प्याचे काम झाले. पदपथ रुंद करण्यात आले, जुनी झाडे न तोडता पदपथात सामावून घेण्यात आली, त्यांच्याभोवती बैठका बांधल्या गेल्या आणि मुलांसाठी खेळण्याचे साहित्य बसवण्यात आले. पार्किंगसाठी रस्त्याच्या कडेला वेगळी जागा आखण्यात आली. औंध भागातही याच धर्तीवर काम झाले. या रस्त्यांवर संध्याकाळी बसलेली, थांबलेली माणसे दिसतात, हे या प्रयोगाचे यश मानले जाते. रुंद पदपथावर दुचाकी चढवणे व साहित्याची मोडतोड या तक्रारीही त्याबरोबर आल्या. ११ डिसेंबर २०२१ रोजी पालिकेने पादचारी दिन पाळून लक्ष्मी रस्त्याचा काही भाग दिवसभर वाहनांसाठी बंद ठेवला. त्या दिवशी रस्त्यावर ठेवलेल्या तात्पुरत्या बैठकांमुळे, कायमचे बांधकाम करण्यापूर्वी जागा कशी वापरली जाते हे पाहता आले.

फेरीवाले

पदपथावरील साहित्याच्या पट्ट्यात फेरीवाल्यांचा विचार न केल्यास ते मधल्या पट्ट्यात येतात. पथविक्रेता (उपजीविकेचे संरक्षण व पथविक्रीचे विनियमन) अधिनियम, २०१४ नुसार शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घेण्याची व नगर पथविक्रेता समितीमार्फत जागा ठरवण्याची तरतूद आहे. त्याआधी ओल्गा टेलिस खटल्यात (१९८५) मुंबईतील पदपथवासीयांच्या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला, पण पदपथ हे चालण्यासाठी आहेत असेही सांगितले. मे २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने अडथळेविरहित पदपथ हा संविधानाच्या कलम २१ खालील हक्क असल्याचे स्पष्ट केले. हे दोन्ही हक्क एकाच दोन-अडीच मीटरच्या पट्टीवर येतात. विक्रेत्यांच्या जागा पाणी, दिवा व कचरापेटीसह तिसऱ्या पट्ट्यात आखून दिल्यास संघर्ष कमी होतो. विक्रेते असलेला रस्ता रात्री उजळ व वर्दळीचा राहतो, म्हणून स्त्रियांना तो अधिक सुरक्षित वाटतो.

खरेदी आणि देखभाल

साहित्य एकगठ्ठा विकत घेऊन नंतर जागा शोधण्याची पद्धत भारतात रूढ आहे. मुंबई महापालिकेचे तेरा प्रकारच्या वस्तूंचे, सुमारे २६३ कोटी रुपयांचे कंत्राट २०२३ मध्ये दरांवरून वादात सापडले व पुढे ते रद्द झाले. दरांचा प्रश्न बाजूला ठेवला, तरी रस्त्याचा आराखडा होण्यापूर्वी बाकांची संख्या ठरवणे उलट क्रमाचे आहे. कोणत्या चौकात किती माणसे किती वेळ थांबतात, शाळा, दवाखाना, मंडई व बसथांबा कुठे आहे, याच्या मोजणीवरून ही संख्या निघते.

देखभालीसाठी प्रत्येक वस्तूला क्रमांक देऊन तिची नोंदवही ठेवणे, तुटलेला भाग सुटा बदलता येईल अशी जोडणी करणे आणि बसवणाऱ्याच कंत्राटदाराकडे काही वर्षांची दुरुस्ती सोपवणे, या पद्धती उपयोगी पडतात. भंगारात किंमत येणारे धातू टाळणे हाही व्यवहाराचा भाग आहे. बिडाच्या जाळ्या व झाकणे चोरीला जातात आणि उघडे मॅनहोल पावसाळ्यात जीवघेणे ठरते. चंदीगडमध्ये शहराचा नकाशा कोरलेली बिडाची झाकणे होती. ती जागेवरून नाहीशी होऊन परदेशी लिलावांत विकली गेली.